सहाने सुरू होणारा नंबर

मुलुंडच्या नंदू घाडीने बारा वर्षांपूर्वी कंपनीच्या फॉर्मसाठी एक रेजेक्स लिहिला होता, म्हणजे मोबाइल नंबर बरोबर आहे का हे तपासणारी कोडची एक ओळ. आकडे दहाच, आणि पहिला सात, आठ नाहीतर नऊ. पुढे सहाने सुरू होणारे नंबर आले, तशा लोकांच्या तक्रारीही आल्या. "साधा नंबर टाकता येत नाही लोकांना," म्हणत नंदूने त्या न बघताच बंद केल्या. कंपनीने तोच फॉर्म शंभर ठिकाणी विकला.

मार्चमध्ये कंपनीने त्याला काढलं. त्याचा आणि बायको सुलक्षणाचा, दोन्ही नंबर कंपनीच्या नावावर होते, तेही गेले. नवी सिमकार्डं मिळाली ती दोन्ही सहाची.

आज पन्नाशीच्या माणसालाही घेणाऱ्या एका नोकरीसाठी अर्जाचा शेवटचा दिवस होता. फॉर्मने दोन्ही नंबर नाकारले. लाल अक्षरांत आलं, 'योग्य नंबर टाका, अंदाजे नको.' ते 'अंदाजे नको' नंदूनेच कधीतरी वैतागून लिहिलं होतं. खाली तक्रारीची सोय होती. तिथेही आधी मोबाइल नंबरच मागत होते.

चिडून त्याने जुना, गेलेला नंबर टाकला. लगेच हिरवी खूण आली. 'ओटीपी पाठवला आहे.'

"आला का रे ओटीपी?" सुलक्षणाने स्वयंपाकघरातून विचारलं.

"आला असेल," नंदू म्हणाला, "आता ज्याचा नंबर आहे त्याला."