दादासाहेबांच्या तीन पगड्या

उमेदवाराच्या दिवाणखान्यात दोन महिने बसून पाहा. तो निवडून येवो न येवो, किस्से मात्र बिनविरोध निवडून येतात! मी काही ते जमवायला तिथे गेलो नव्हतो. मी गेलो होतो परळच्या मुलींच्या वर्गासाठी.

हा वर्ग माझ्या पत्नीने चाळीचाळीतून फिरून उभा केला होता. ती जाऊन दोन वर्षे झाली. जागेच्या मालकाने सांगून टाकले होते की, दिवाळीनंतर जागा मिळणार नाही. मुनसिपालटीने वर्ग आपल्याकडे घेतला तरच तो टिकणार. अशा वेळी गिरगावातले एक वकील, आमचे दादासाहेब, मुनसिपालटीच्या मेंबरकीला उभे राहिले. शिक्षणाची सुधारणा हाच त्यांचा विषय. मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही लेखणी चालवा. वर्गाचं माझ्याकडे लागलं!"

मी लेखणी चालवली. पुढचे सगळे त्याचेच फळ.

*

पहिल्याच दिवशी जाहीर पत्रकाचा मसुदा केला. त्यात लिहिले, "प्रत्येक वस्तीत मुलींची शाळा काढू."

दादासाहेबांचे उजवे हात म्हणजे छापखानेवाले बापूराव. ते म्हणाले, "'काढू' फार झालं. लोक उद्याच विचारतील, काढली का? 'काढणे इष्ट आहे' असं करा."

दादासाहेब म्हणाले, "'इष्ट' म्हटलं की आपण बांधले जातो. 'विचार करण्याजोगे' लिहा."

"विचार कोण करणार, तेही मोघम ठेवा," बापूराव.

चहाचे तीन पेले झाल्यावर मजकूर ठरला: "मुलींच्या शाळांच्या प्रश्नाचा विचार व्हावा की कसे, याचा यथावकाश विचार केला जाईल." दादासाहेबांनी तो मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "आता कसं ठाम झालं!"

*

दादासाहेबांकडे तीन गोल पेट्या होत्या. एकीत लाल पगडी, ती गिरगावातल्या शिकलेल्या मंडळींसाठी. दुसरीत जुन्या घाटाची चक्रीदार पगडी, ती दादरच्या सनातनी मंडळींसाठी. तिसरीत फेटा, तो लालबागच्या गिरणीकामगारांसाठी. प्रत्येक पेटीत त्या त्या सभेच्या भाषणाची चिठ्ठी. गिरगावात "मुलींना शाळा हव्यातच", दादरला "मुलींना घरचे वळण पुरे, मुलांना संस्कृत द्या", लालबागला "पोरांना हुन्नर शिकवा". पगडी डोक्यावर चढली की चिठ्ठी अस्तनीत जायची.

मी एकदा न राहवून विचारले, "दादासाहेब, या तिन्हींत आपलं स्वतःचं म्हणणं कोणतं?"

ते जरा दुखावले. म्हणाले, "मास्तर, घरी मी बोडकाच असतो."

*

लालबागच्या सभेच्या दिवशी बापूरावांनी घाईत चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. दादासाहेब इतर कशाशी असोत नसोत, हातातल्या चिठ्ठीशी एकनिष्ठ! फेटा बांधून उभे राहिले आणि दोनशे गिरणीकामगारांना म्हणाले, "मुलांनी पहाटे स्नान करून दोन तास संस्कृत पाठ करावे!"

मागून एक म्हातारा जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, उठला. मालवणकडचा असावा. हात जोडून म्हणाला, "सायेब, गिरणीचो भोंगो पाटेच जाता. आंघोळ त्याच्या आधी करूची, की भोंगो झाल्यार?"

सभा हसत सुटली. दादासाहेबांना वाटले, भाषण रंगले. ते आणखी अर्धा तास बोलले. शेवटी बापूराव पुढे होऊन म्हणाले, "आता जे घरपट्टी भरतात, म्हणजे ज्यांना मत देण्याचा हक्क आहे, त्यांनी तेवढं थांबावं."

सगळी सभा उठून गेली. एक माणूस राहिला. तो सतरंज्या न्यायला आला होता.

जाता जाता जॉबर मला म्हणाला, "मास्तर, मत आसता तर गिरणीत कित्याक येतलंव?"

त्या दिवसापासून पेट्यांत चिठ्ठ्या भरण्याचे काम माझ्याकडे आले.

*

प्रभादेवीच्या कोळीवाड्यात पारूबाई राहते. तिची मुलगी आमच्या वर्गात. दादासाहेब तिच्या दारात उभे राहून, नाकाला रुमाल लावून म्हणाले, "बाई, मुलीला शिकवा. शिक्षणासारखं दुसरं काही नाही."

पारूबाई मासळी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी धारतेच शालेन. तुमची पोर कंच्या शालेन जाते?"

"आमच्याकडे मुली घरीच शिकतात."

"मंग माजे पोरीला तुमचेच घरा धारू का?"

दादासाहेब गाडीत जाऊन बसले.

*

एकदा वर्ग पाहायला त्यांना परळला आणले. म्हटले, डोळ्यांनी पाहतील तर पाझर फुटेल. त्यांनी खुशीत येऊन आपले पत्रकच मुलींपुढे ठेवले. "वाचा, आणि थोडक्यात सारांश पाटीवर लिहा."

सारांश काढायला माझ्या पत्नीनेच या मुलींना शिकवले होते. अर्ध्या तासाने दहा-बारा पाट्या पुढे आल्या. सगळ्या कोऱ्या!

दादासाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "यांना लिहिता येत नाही वाटतं?"

पारूबाईची मुलगी म्हणाली, "येतंय. दोनदा वाचलं. बाई सांगायच्या, नाय ते लिवायचं नाय."

मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

*

दादासाहेब निवडून आले! कसे, ते मला विचारू नका.

मुनसिपालटीत त्यांची गाठ अण्णासाहेबांशी पडली. हे जुने मेंबर. दादासाहेबांशी यांचे वैर कॉलेजपासूनचे, कारण दोघांनाही आठवत नाही. नऊ जणांच्या शाळा कमिटीत अण्णासाहेबांच्या मागे चार हात वर होत. दादासाहेब ज्याला हो म्हणतील, त्याला हे पाची जण नाही म्हणत. गिरगावातल्या एका मुंजीत पंगत बसली होती. दादासाहेब मोठ्याने म्हणाले, "वा, जिलबी झकास झालीय!"

समोरच्या पंगतीत अण्णासाहेबांनी घास खाली ठेवला. वाढप्याला म्हणाले, "माझ्या पानातली जिलबी उचल."

जिलबी म्हणजे अण्णासाहेबांचा जीव. ती उचलली जाताना त्यांनी डोळे मिटून घेतले. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो.

*

दिवाळीआधी आठ दिवस परळच्या वर्गाचा प्रश्न कमिटीपुढे आला. सकाळी मी नेहमीप्रमाणे दादासाहेबांकडे जाऊन पेटी तयार केली. जाताना ते गाडीत माझा हात दाबून म्हणाले, "मास्तर, आज असा बोलतो, की वहिनींच्या आत्म्याला शांती मिळेल."

मी म्हणालो, "आपली कृपा."

मी बाहेरच्या बाकावर बसलो. दार उघडे होते. दादासाहेब लाल पगडी सावरून उठले, अस्तनीतून चिठ्ठी काढली आणि खणखणीत आवाजात वाचू लागले, "मुलींना शाळेची गरज काय? घरचे वळण पुरे आहे..."

बापूराव माझ्या शेजारी होते. त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो मास्तर, ही तर दादरची!"

आत अण्णासाहेब ताडकन उठले. "परळच्या त्या मुली शिकल्याच पाहिजेत!" मेजावर मूठ आपटून ते वीस मिनिटे बोलले. इतके चांगले भाषण मला कधी लिहिता आले नसते. मते घेतली. पाच हात वर झाले. वर्ग मुनसिपालटीने घेतला.

दादासाहेब बाहेर आले तेव्हा चेहरा पगडीहून लाल झाला होता. "मास्तर! पेटीत चिठ्ठी कोणी भरली होती?"

मी त्यांची छत्री त्यांच्या हातात दिली.

"मीच, दादासाहेब. दर वेळी मीच भरतो."