शेवटच्या गल्लीतली चावी

नजीरभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याविरुद्धच अर्ज लिहीत बसलो होतो. आमच्या कॉलनीतले पाण्याचे व्हॉल्व्ह रहिवाशांच्या हातून काढून घ्यावेत, यंत्रं बसवावीत आणि सगळा कारभार पाणीपुरवठ्याच्या हापिसातून चालावा, अशी विनंती होती. ‘सविनय’पर्यंत झकास जमलं होतं. त्यांची सून रुख्साना फोनवर एवढंच म्हणाली, “चाचा, अब्बा गेले... चहा घेता घेता.” मी चपला घालून पळालो आणि त्यांच्या दारात पोचल्यावर बघतो तर पेन हातातच. जमलेल्यांना वाटलं, साहेब काहीतरी व्यवस्था लिहून घ्यायला आलेत. दोघांनी मला कबरस्तानात किती वाजता जायचं ते विचारलं, आणि सवयीनं मी त्यांना एक वेळ सांगूनही टाकली. ती अर्थातच चुकीची होती.

मी उभी हयात मंत्रालयात काढली. कागद जितका वर जाईल तितकी त्याला अक्कल येते, यावर माझा विश्वास होता. कक्ष अधिकारी झाल्यावर तर तो श्रद्धेत बदलला. नजीरभाईंचं इथल्या छावणी भागात स्कूटरच्या स्पेअर पार्टचं दुकान. मुंबईहून सुटीवर आलो की मी तिथं जाऊन बसायचो आणि आमचं भांडण जिथं थांबलं होतं तिथून पुढं सुरू व्हायचं. ते म्हणायचे, “माझ्या आजोबानं विहिरीसाठी अर्ज केला. निजामाचं राज होतं, कागद हैदराबादला गेला. पोलीस ॲक्शन झाली, राज गेलं, कागद हैदराबादलाच. मग आपल्याला मुंबईला जोडलं, कागद मुंबईला. कागदानं लई प्रवास केला साहेब. विहीर नाय झाली.” मी गंभीरपणे म्हणालो होतो, “त्रुटीची पूर्तता केली नसेल.” ते इतके हसले की गिऱ्हाईक ब्रेकची केबल तशीच ठेवून गेलं.

निवृत्तीनंतर मी चिकलठाण्याकडच्या एका कॉलनीत घर घेतलं. नजीरभाई तिथं आधीच राहायला आले होते. मी पहिल्या गल्लीत, ते चौथ्या, म्हणजे शेवटच्या. आपल्या शहरात नळाला पाणी येणं हा सणच असतो. ते आलं की आमच्या कॉलनीची टाकी भरायची आणि तिथून प्रत्येक गल्लीचा व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडायचं. सगळे व्हॉल्व्ह एकाच लांब लोखंडी चावीनं फिरायचे. अध्यक्षपदाला दुसरं कुणी उभंच राहिलं नाही म्हणून मी निवडून आलो. त्याला मी जनादेश समजलो. चावी घरी आणली, दाराआड उभी केली आणि वेळापत्रक काढलं. चारही गल्ल्यांना समान वेळ. इतका न्याय मी मंत्रालयातही केला नव्हता. फक्त शेवटची गल्ली चढावर आहे, तिच्या पायपातून आधी बराच वेळ नुसती हवा निघते आणि पाण्याची धार लागेपर्यंत तिची वेळ संपते, हे माझ्या ध्यानात आलं नाही. येणार कसं? माझ्या नळाला पाणी आलं की मला अख्ख्या कॉलनीत पाणी आल्यासारखं वाटायचं.

शेवटची गल्ली ओरडायला लागली तेव्हा मी लोकशाही मार्ग धरला. मिठाईच्या खोक्याला भोक पाडून पेटी केली, चिठ्ठ्या वाटल्या, प्रश्न ठेवला : सध्याची पद्धत चालू ठेवावी काय? तीन गल्ल्या ‘होय’, एक गल्ली ‘नाही’. मी निकाल जाहीर करून छोटंसं भाषणही केलं. बहुमताचा आदर, वगैरे. नजीरभाई पुढं आले, हात हातात घेतला.

“मुबारक साहेब. लोकशाही झाली. पाणी नाय झालं.”

“अहो, पण बहुमत...”

“तुम्ही भरल्या हंड्यांना विचारलं, पाणी कसं वाटावं? ते सांगणारच, बरं चाललंय. आन चिठ्ठीत सगळ्यांची तहान सारखीच. ज्याला बागेला पाणी पाहिजे त्याचं एक मत, ज्याला नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला नाय त्याचंही एकच.”

मी लगेच सभा संपल्याचं जाहीर केलं.

नजीरभाईंनी फेरमतदान मागितलं नाही. पुढच्या पाण्याच्या दिवशी त्यांनी पहिल्या गल्लीतल्या आम्हा सगळ्यांना चहाला बोलावलं. बसलो. पंखा, गप्पा, फरसाण. चहा येईना. आमच्या गल्लीतले देशमुख, ज्यांना चहा वेळेवर लागतो, शेवटी म्हणाले, “नजीरभाई, चहाचं काय?” ते म्हणाले, “ठेवायचाच हाय. पाणी यायचंय.” मग आम्ही सगळे स्वयंपाकघरातल्या नळाकडे कान लावून बसलो. नळ सुस्कारे टाकत होता... बराच वेळ. मग तेही थांबले. माझ्याच वेळापत्रकाप्रमाणं त्यांची वेळ संपली होती. देशमुखांनी फरसाणाची प्लेट खाली ठेवली.

त्या बैठकीतच ठरलं : चावी शेवटच्या गल्लीत राहील आणि आधी पुढच्या गल्ल्यांना पाणी सोडून मग ती गल्ली स्वतः घेईल. देशमुखांना हे उलटं वाटलं. नजीरभाई म्हणाले, “पंगतीत वाढणारा शेवटी जेवतो का नाय? मग तो कुणाला उपाशी ठेवत नाय, आन स्वतःपुरतं भांड्यात राखूनही ठेवतो. वाढपी पहिल्या पानावर बसला की घोटाळा.” पहिल्या पानावर बसलेला वाढपी मीच, हे सगळ्यांना कळलं. मी टाळी वाजवणाऱ्यांत सामील झालो.

आता मला वाटलं, कारभार खालच्यांच्याच हाती हवा हा आपला सिद्धांत जिंकल्याची नजीरभाई मिरवणूक काढणार. झालं भलतंच. चावी हाती येताच शेवटच्या गल्लीनं त्यांच्या अंगणात जमून ठरवलं, की इतकी वर्षं सोसलं, आता वर्षभर आपण आधी घ्यायचं. सगळ्यांचे हात वर. एकटे नजीरभाई विरोधात. त्यांनी ऐकून घेतलं, चावी उचलली आणि जाऊन पहिल्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडला. महिनाभर शेजारी त्यांच्याशी बोलत नव्हते. मी हे ऐकलं आणि आनंदानं त्यांच्याकडे गेलो.

“कारभार खाली आणला की माणसं शहाणी होतात म्हणत होता ना? आणि बहुमत मोडून तुम्ही स्वतःच हुकूमशहा झालात.”

“झालो,” ते म्हणाले. “खालची माणसं वरच्यापेक्षा चांगली असं मी कधी म्हणलं? खालचा चुकला तर दार वाजवून त्याला शिवी देता येती. तुमच्या मंत्रालयाचं दार मला कुठं सापडलं?” आणि पुढं म्हणाले, “आन माझ्या घरीपण चावी लई दिवस नको.” तेव्हापासून ती त्या गल्लीतच घरोघर फिरायला लागली.

पण मी माझा हेका सोडला नाही. माझं म्हणणं, हे सगळं एका माणसाच्या भरवशावर उभं आहे. नजीरभाईंची लाज वाटते म्हणून लोक सरळ वागतात. यंत्राला लाज लागत नाही, ते कुणाच्या मरणानं बंद पडत नाही. त्या शेवटच्या आठवड्यात मी त्यांना हे तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, “मग मी जायची वाट बघा. गेल्यावर चाललं तर तुम्ही हरलात.” मी म्हणालो, “लागली पैज.” असली पैज कुणी लावतं का? मी लावली. आणि आपलं पारडं जड करावं म्हणून लगेच अर्ज लिहायला घेतला.

ते गेले तेव्हा चावीची पाळी त्यांच्याच घरी होती. देशमुखांनी सभा बोलवायला लावली. “आता रुख्सानाबाईंकडे चावी. घरात दुःख, पाहुणे, चाळिसाव्या दिवसाचा स्वयंपाक. त्या आधी आपलंच भरणार, माणूस आहेत. एकदाचं मतदान घ्या आणि चावी अध्यक्षांकडे आणा.” बोलणं खोटं नव्हतं. माझंच तर होतं ते, अर्जातलं. तीन गल्ल्यांतून माना हलल्या. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “मतदान घेणार नाही.”

“कुठल्या नियमानं?”

“कुठल्याच नाही.”

माझ्या तोंडून हे वाक्य निघालेलं पाहून बायको पहिल्या रांगेत ताठ बसली. देशमुख म्हणाले, ही मनमानी आहे. मी म्हणालो, आहे. तुम्हाला मला काढायचं असेल तर त्यासाठी मतदान जरूर घ्या, पण ज्या गल्लीला पाणी शेवटी मिळतं तिचं पाणी बहुमतावर मी पुन्हा टांगणार नाही. ते एकदा करून बसलोय. बराच गोंधळ झाला. शेवटी देशमुखच म्हणाले, “ठीक. चाळिसाव्यापर्यंत बघू.”

मधल्या खेपा नेहमीच्याच क्रमानं पार पडल्या, पण एक पाणी नेमकं चाळिसाव्याच्याच दिवशी आलं. शेवटच्या गल्लीत मांडव, चुलीवर डेगी चढवून ठेवलेल्या, तांदूळ निवडलेला, धुवायला पाणी नाही. टाकी भरल्याचं कळलं तसे आम्ही पुढच्या गल्लीतले कसला ना कसला बहाणा काढून रस्त्यावर येऊन उभे राहिलो. रुख्साना चावी घेऊन बाहेर आली. तिच्या गल्लीतल्या बायका म्हणत होत्या, “आज तरी आपलं आधी खोल गं, लोक जेवायला येतील.” मीही पुढं झालो. पैज वगैरे विसरून म्हणालो, “बेटा, आज तुमचं आधी सोड. कुणी काही म्हणणार नाही.”

“आज म्हणणार नाय चाचा,” ती म्हणाली. “पुढच्या पाण्याला म्हणतील. आन मग मला तोंड नाय.”

तिनं पहिल्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडला. नंतर दुसऱ्या, नंतर तिसऱ्या. पहिला व्हॉल्व्ह उघडताच देशमुख घरी गेले होते, आपलं पिंप अर्धं भरल्यावरच त्यांनी नळ बंद केला, आणि हे मला त्यांनी नव्हे, त्यांच्या बायकोनं नंतर सांगितलं.

जेवायला फार उशीर झाला. कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही असं मी लिहिणार नाही, मी स्वतः दोनदा पाहिलं. पण सभा बोलवा, असं कुणी म्हणालं नाही. या महिन्यात चावी रुख्सानाच्या शेजारच्या घरात गेली. आमच्या नळाला पाणी आलं की मी आता चौथ्या गल्लीपर्यंत चालत जातो आणि तिथं धार लागेपर्यंत उभा राहतो. तिथले लोक मला खुर्ची देतात. चहा मात्र पाणी आल्यावरच.