मोहाच्या झाडावरचा रूळ

नाताळ जवळ आला की आमच्या चर्चला ओल्या चुन्याचा वास येतो. यंदा रंगारी शिडीवरून म्हणाला, "बाई, ह्या मोहाले रेल्वेच्या रुळाचा तुकडा कायले लटकवला? भंगारात देऊन टाकू?"

मला तो रविवार आठवला. तेव्हा मी शाळेत शिकत होते. नव्या पाळकसाहेबांनी नागपूरहून पितळी घंटा आणली होती, चिंचेने घासून सोन्यासारखी केलेली. "आता आपलं चर्च चर्चसारखं वाटेल," म्हणत त्यांनी स्वतः दोरी ओढली. काय गोड वाजली! बाकांना जवसाच्या तेलाचा वास येत होता, वेदीवर ताजा झेंडू होता, आणि उपासनेला फक्त मी नि आई. पाळकसाहेब बायबल उघडून दाराकडे बघत राहिले. शेवटी आई उठली, बाहेर गेली आणि तिने हातोडीने तो नेहमीचा रूळ ठणाठणा वाजवला.

सगळी गल्ली धावत आली. कुणाचे केस ओले, कुणाच्या हाताला भांड्यांची राख.

"घंटा ऐकली नाही का?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"आयकली ना," फिलिपकाका म्हणाले, "मारुतीच्या देवळातली वाजून राहिली समजलो."

तेव्हा मी खुदुखुदु हसले होते. आज पाळकसाहेबांच्या तेव्हाच्या वयाची झाल्यावर त्या रिकाम्या बाकांचं ओझं कळतं.

मी रंगाऱ्याच्या हाती हातोडी दिली. "आधी एकदा वाजव, मग काय फेकायचं ते फेक."

त्याने ठोकलं. समोरच्या घरातून फिलिपकाकांची सून पदर सावरत, बायबल घेऊन धावत आली.

"काऊन हो बाई, आज त बुधवार आहे ना?"