सोळावा तास

ग्लेनिसच्या डोक्यावरची पांढरी टोपी बघितली की मला अजून बरं वाटतं. कुणाला मी दुष्ट वाटले तर वाटू दे.

इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीच्या मासळी कारखान्यात लोरेन आणि मी शेजारी उभ्या राहून माशांचे काटे काढायचो. ग्लेनिस आमची मुकादम. आम्हाला पांढऱ्या टोप्या, तिला निळी. एकदा जेवणाच्या सुट्टीत लोरेनने तिच्या चालण्याची हुबेहूब नक्कल केली. सगळ्यांत मोठ्याने मी हसले. वळून बघते तर ग्लेनिस दारात उभी.

पुढच्या सोमवारी पाळ्यांची यादी लागली, तर लोरेनच्या आठवड्याच्या सोळा तासांचे पंधरा झालेले.

नवरा-बायको दोघंही आठवड्याला निदान सोळा-सोळा तास कामाला असतील, तरच मूल सांभाळणारीच्या खर्चाला करसवलतीतून मदत मिळायची. पंधरा तास म्हणजे शून्य. लोरेनचा नवरा गोदीवर दिवसभर राबायचा, पण त्याचे जादा तास हिच्या नावावर थोडेच चढणार! ग्लेनिसला हे सगळं पक्कं ठाऊक होतं. तासांच्या दाखल्यावर सही तिचीच असायची.

लोरेन तिच्याकडे गेली. मीही गेले.

"चुकलं माझं, ग्लेनिस. तेवढा एक तास परत दे," लोरेन म्हणाली.

"एका तासाने काय बिघडतं गं? घरी जा, पोराशी खेळ," ग्लेनिस म्हणाली.

महिनाभरात मदत बंद, मूल सांभाळणारी बंद, मग नोकरीही सुटली. लोरेन रडली नाही. "मी हे विसरणार नाही," एवढंच म्हणाली. पुढे तिने शिक्षण घेतलं, तपासनीस घर बघून गेले, आणि रीतसर नोंदणी करून ती स्वतःच लोकांची मुलं सांभाळायला लागली.

अकरा वर्षांनी ग्लेनिसची मुलगी शॅनन तान्हं बाळ घेऊन लोरेनच्या दारात आली. बेकरीत आठवड्याला सोळा तासांचं काम मिळालं होतं तिला, शुक्रवारी चारपर्यंत; नवरा ट्रक चालवायचा. वस्तीत तान्ह्या बाळाला घेणारी एकटी लोरेन.

"पंधरा तास ठेवेन," लोरेन म्हणाली. "शुक्रवारी तीनला घेऊन जायचं."

दुसऱ्याच दिवशी ग्लेनिस आली. मी तिथेच चहा पीत होते, मुद्दाम हलले नाही.

"पोरीची मदत जाईल गं. एका तासाचा तर प्रश्न आहे."

"एका तासाने काय बिघडतं गं?" लोरेन शांतपणे म्हणाली. "तू ये की तीनला. नातवाशी खेळ."

शुक्रवारी तीन ते चार कारखाना धुतात, आणि मुकादमाला तेव्हा हजर राहावंच लागतं. हे आम्हा तिघींनाही माहीत होतं. ग्लेनिसचा चेहरा पडला. शॅननच्या घरात बाळाला बघणारं दुसरं कुणी नव्हतं.

आता दर शुक्रवारी ग्लेनिस तीनला निघते. निळी टोपी गेली, पगार उतरला. मला शॅननचं वाईट वाटलं असतं, पण तिचं काही गेलं नाही. जिचं जायला हवं होतं तिचंच गेलं.

निळी टोपी माझ्या डोक्यावर आली. पाळ्यांची यादी मीच लावते. दर सोमवारी ग्लेनिस सगळ्यांच्या आधी येते आणि बोट ठेवून आपले तास वाचते. मी तिचा एकही तास कधी कापलेला नाही. कापणार नाही, हे मात्र तिला सांगितलेलं नाही.