अनार्गिरोसच्या पांढऱ्या भिंती

अनार्गिरोस हा बेटावरच्या भट्टीवाल्याचा मुलगा. वीजकेंद्रात लागला तेव्हा लोक म्हणाले, भट्टी बदलली, एवढंच. पण बापाच्या भट्टीत पाव भाजायचे आणि इथे अख्ख्या बेटाला उजेड द्यायचा, हा फरक त्याने पहिल्या दिवसापासून मिरवला. चौतीस वर्षं झाली. मिशी पांढरी झाली, तोरा होता तसाच.

आणि का असू नये? टर्बाइनचं त्याला कळत होतं. नव्या माणसाला तो पहिल्याच दिवशी सुनवायचा, "पाटीवर सव्वीस मेगावॅट लिहिलंय ना? ते पंधरा डिग्रीचं आहे, बाबा. आपल्याकडे ऑगस्टात पंधरा डिग्री फक्त फ्रिजमध्ये. हवा तापली की विरळ होते. मशीन घास तेवढाच घेतं, पण त्या घासात दम नसतो. वर दर युनिटमागे डिझेल जास्त पितं ते वेगळंच." अडतीस डिग्रीला बावीस मेगावॅट, हे त्याला तोंडपाठ. आणि त्याहून कमी वीज काढून कुणी "ऊन फार आहे हो" म्हणालं की मेलाच तो. "उन्हाच्या माथी खापर फोडू नका! उन्हाचा वाटा मला ठाऊक आहे. बाकीचं कुठे गेलं ते बोला!"

त्या वर्षी पंधरा ऑगस्टला, पनागियाच्या, म्हणजे देवमातेच्या, सणादिवशीच, पारा अडतीसवर आणि उत्तरेचा वारा साफ पडलेला. मशीन मात्र सव्वाएकवीसच्या वर सरकेना. पाऊण मेगावॅट गायब!

दुपारी बाराला अथेन्सच्या मुख्य कार्यालयातून फोन आला. "संध्याकाळी तुम्हाला कमी पडणार. वरच्या गावाची लाइन आठ ते बारा बंद ठेवा."

वरचं गाव म्हणजे अनार्गिरोसची सासुरवाडी. सणाची जत्रा तिथेच भरायची, देवळापुढच्या चौकात. सासू दियामांतो अठ्ठ्याऐंशीची. गुडघ्यांपायी तीन वर्षं अंगणाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. चौकाच्या कडेलाच तिचं अंगण. वर्षातून एकदा तिथे खुर्ची टाकून ती नाच बघायची, आणि तेवढ्यासाठी वर्षभर जगायची.

"वरच्या गावात अंधार? मी जिवंत असताना?" अनार्गिरोस फोनवर कडाडला. "पाचपर्यंत थांबा. पाऊण मेगावॅट शोधून देतो."

फोन ठेवला खरा, पण शोधायचं कुठे? केंद्राची इंजिनिअर मिर्सिनी स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, "काका, फिल्टरचा काटा बघा ना. हवा आत जाताना अडतेय."

"फिल्टर सकाळीच खालून पाहिलेत मी. दुधासारखे पांढरे आहेत. काटा उन्हाने चळलाय."

"उन्हाने?" मिर्सिनी मान वर न करता म्हणाली.

चौतीस वर्षं दुसऱ्यांना झोडपलं त्याच काठीने पोरीने अनार्गिरोसला टोला हाणला होता. तो उठला, शिडी चढून हवा ओढायच्या खोलीत गेला आणि एका फिल्टरवर तळहात दाबला. हात पिठात घातल्यासारखा निघाला. पण हे पीठ नव्हतं. त्याने जिभेला लावून पाहिलं, आणि थुंकला.

चुना!

सण आला की बेटावर घर, अंगण, झाडांची खोडंसुद्धा चुन्याने पांढरी होतात. मग आपलंच केंद्र काळवंडलेलं का दिसावं? गेल्याच आठवड्यात त्याने हौसेने माणसं लावली होती. त्यांनी तीन दिवस भिंतींवरचा जुना चुना खरवडला, मग नवा लावला. खरवडताना मशीन चालूच, आणि ते ती सगळी भुकटी ओढून घेत होतं. फिल्टर मुळातच पांढरे; त्यावरचा पांढरा थर खालून दिसणार कसा?

"गाढवा!" तो स्वतःलाच म्हणाला. "म्हाताऱ्या गाढवा!"

खाली येऊन त्याने मिर्सिनीला हात दाखवला. ती हळूच म्हणाली, "नोंदवहीत आफ्रिकेची धूळ म्हणून लिहू का? दक्षिणेकडून येतेच."

"आफ्रिकेने काय घोडं मारलंय आपलं? लिही, मशीन चालू असताना चुना खरवडला, अनार्गिरोसच्या सांगण्यावरून."

मग त्याने अथेन्सला फोन लावला. "फिल्टर बदलायला मशीन दोन तास बंद करतोय."

"सणादिवशी? आणि परत सुरू झालंच नाही तर? सगळं बेट अंधारात जाईल!"

"दोन ते चार बेट जेवून आडवं असतं. जुन्या जनरेटरांवर भागेल. चुना माझा, जबाबदारी माझी."

मशीन थांबलं. चार माणसं आत घुसली, पाचवा अनार्गिरोस. नाकातोंडात चुना, अंगावर घामाचे लोट. शेवटचा फिल्टर त्याने स्वतः बसवला. चारला मशीन गरजलं. आकडा चढू लागला. एकवीस. साडेएकवीस. एकवीस पॉइंट नऊ.

"उरलेला दशांश आत पात्यांना चिकटलाय," तो कपाळ पुसत म्हणाला. "सण झाला की धुऊन काढू."

तेवढ्यावर अथेन्सने लाइन चालू ठेवायला होकार दिला, आणि आठला वरच्या गावात दिव्यांच्या माळा लागल्या. पाच मिनिटांत सासूचा फोन.

"लागले रे दिवे! आणि इथून तुमचं केंद्र काय दिसतंय! भिंती नुसत्या लखलखतायत. यंदा चुना कुणी लावून घेतला?"

अनार्गिरोसने आपल्या पांढऱ्या हाताकडे पाहिलं.

"मीच, आई. तुमची जत्राच गिळत होता तो चुना."

"माझी जत्रा गिळणारा अजून जन्मायचाय," म्हातारी म्हणाली. "वर ये. शेजारी खुर्ची मांडून ठेवलीय."