बाबांची मामेबहीण

माझ्या बाबांना मामा नव्हता. मे महिना आला की इगतपुरीच्या रेल्वे वस्तीतली पोरं मामाकडे निघून जायची आणि बाबा एकटेच उरायचे, हे त्यांनी मला लहानपणी कितीदा तरी सांगितलं होतं. आजीला भाऊ नव्हता, बहीण नव्हती. तिच्या वडिलांबद्दल घरात एकच वाक्य होतं: "रेल्वेतला साहेब होता, गेला."

माझी पणजी त्या साहेबाच्या बंगल्यात आया होती. आजी वर्षाची व्हायच्या आत साहेब विलायतेला निघून गेला. आजीचे डोळे घारे होते आणि गालांवर तपकिरी ठिपके. गावाने आम्हाला वेशीबाहेर ठेवलेलंच होतं. वस्तीने आजीला त्याच्याही थोडं बाहेर ठेवलं. तिला 'सायबाची' म्हणायचे. तिने त्या माणसाचं नाव कधी काढलं नाही. बहुधा तिला ते माहीतच नव्हतं.

आई गेल्यावर बाबा तीन महिन्यांच्या व्हिसावर माझ्याकडे कायझर्सलाउटर्नला आले. मी इथे एका संशोधन संस्थेत काम करते. दिवसभर बाबा घरी आणि माझी बारा वर्षांची मुलगी शाळेत. संध्याकाळी ते तिच्याशी मराठीत बोलायचे, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि मी कांदा चिरता चिरता मधे उभी राहून तिचं उत्तर बाबांना मराठीत सांगायचे. तिला मराठी कळतं सगळं. फक्त तोंडातून निघत नाही.

डीएनए तपासणीसाठी थुंकी भरून पाठवायच्या नळीची कल्पना माझीच. ऑफिसमधल्या एकीने आपले पूर्वज असे शोधले होते. म्हटलं, बाबांना काहीतरी विरंगुळा. बाबांनी नळी हातात घेऊन विचारलं, "यात थुंकायचं? आणि हे लोक मला सांगणार मी कोण ते?"

पाच आठवड्यांनी निकाल आला. चौथा हिस्सा आयरिश. मी त्यांना वाचून दाखवलं.

"आयरिश म्हणजे इंग्रज नव्हेत ना?"

"नाही बाबा. त्यांच्यावरही इंग्रजांचंच राज्य होतं."

त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "मग बरं."

खाली जुळणाऱ्या नातेवाइकांची यादी होती. बहुतेक सगळे लांबचे. पण पहिलं नाव फार जवळचं होतं. एक बाई, वय ब्याऐंशी, जन्म आयर्लंडचा, राहणार जर्मनी. मी कागदावर रेघा मारून हिशेब लावला. त्या साहेबाला आयर्लंडमध्ये एक मुलगा असणार. म्हणजे माझ्या आजीचा सावत्र भाऊ. ही त्याची मुलगी.

"म्हणजे माझ्या मामाची मुलगी," बाबा म्हणाले. त्यांनी तो कागद माझ्याकडून काढून घेतला आणि चष्मा लावून पुन्हा पाहिला. "मला मामा होता."

मी त्या खात्यावर निरोप पाठवला. उत्तर बाईंच्या मुलाकडून आलं. आईची तपासणी त्यानेच पाच वर्षांपूर्वी करून घेतली होती. तो जर्मन, इंजिनिअर, मुदतीआधीच निवृत्त झालेला, स्टुटगार्टजवळ गेर्लिंगेनला राहणारा. आम्ही फोनवर बोललो. कसं सांगायचं ते मला सुचत नव्हतं. त्याच्या पणजोबांनी आपली बायको आणि मुलगा गावी असताना हिंदुस्थानात आणखी एक मूल मागे ठेवलं होतं, हे परक्या बाईने फोनवर सांगायचं तरी कसं? मी नुसतं आजीच्या जन्माचं अंदाजे साल सांगितलं. मग तो म्हणाला, "आल्झो, म्हणजे माझे आजोबा तेव्हा दहा वर्षांचे होते." एवढंच. रागावला नाही. फोन ठेवतानाच पुढच्या शनिवारी बोलावलं.

शेवटी मात्र म्हणाला, "एक सांगून ठेवतो. आईची स्मृती गेली आहे. ती फ्लेगेहाइममध्ये असते. फार आशा ठेवू नका."

वृद्धांची काळजी घेणारं घर, असं मी बाबांना सांगितलं. स्मृतीचंही सांगितलं. पण बाबांनी ऐकलं फक्त एवढंच, की तिने आजोबांना पाहिलं आहे. साहेब वारला तेव्हा ती सतरा वर्षांची होती, त्याच्याच घरात वाढलेली. तो कसा बोलायचा, कशावर हसायचा, इगतपुरीचं नाव कधी त्याच्या तोंडून निघालं का, हे जगात आता फक्त एका माणसाला माहीत होतं. बाबांनी वहीत प्रश्न लिहून काढले. अकरा प्रश्न. मला म्हणाले, "इंग्लिशमध्ये करून दे, मीच विचारीन."

शनिवारी आम्ही तिघं निघालो. बाबांनी इस्त्रीचा सफारी घातला होता. मामेबहिणीला द्यायला म्हणून माझ्याकडची पैठणीच्या काठाची शाल त्यांनी मागून घेतली. मानहाइमला गाडी बदलताना त्यांनी शालीची पिशवी मला उचलू दिली नाही.

बाईंचा मुलगा फ्लेगेहाइमच्या दारातच उभा होता. उंच, वाकलेला, घाऱ्या डोळ्यांचा. बाबा त्याच्या डोळ्यांकडे पाहतच राहिले. जिन्यात तो मला हळूच म्हणाला, "आधी तिचं जर्मन गेलं. साठ वर्षं बोललेलं जर्मन, एका हिवाळ्यात. मग इंग्लिश गेलं. आता फक्त आयरिश उरलंय. त्यांच्या किनाऱ्यावरच्या गावात घरी तेच बोलायचे."

"तुम्हाला येतं ते?"

"लहानपणी ती माझ्याशी तेच बोलायची. मी उत्तर जर्मनमध्ये द्यायचो. मग तिने सोडून दिलं. इथे एकाही माणसाला ती काय म्हणते ते कळत नाही. दुखतंय का, भूक लागली का, काही नाही. मलाही आता नाही."

माझी मुलगी माझ्या शेजारीच होती. तिने ऐकलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

वरच्या खोलीत बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. पांढरे विरळ केस, गालांवर ठिपके. आजीच्या गालांवर होते त्याच जागी. बाबांचे पाय दारातच अडले. मग त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "जयभीम, ताई."

बाईंनी वर पाहिलं. चेहरा उजळला. बाबांचा हात धरून खाली खेचला, शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि बोलायला सुरुवात केली. भराभर, हसत, मधेच दटावत. दारात आलेली नर्स म्हणाली, एवढं तर त्या महिन्याभरात बोलल्या नव्हत्या. बाबांनी वही उघडली आणि पहिला प्रश्न इंग्लिशमध्ये वाचला. बाईंनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि पुन्हा आपलंच सुरू केलं. बाबांनी दुसरा प्रश्न वाचला. तिसऱ्यानंतर वही मिटली.

मग बाबा मराठीत बोलू लागले. "ताई, माझी आई अगदी तुमच्यासारखी दिसायची. ती गेली त्याला वीस वर्षं झाली. तुमच्या आजोबांनी कधी नाव काढलं का हो तिचं?" त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. उत्तरही देत होत्या, मोठमोठी, पूर्ण. कदाचित त्यात सगळं असेल. कदाचित काहीच नसेल. मी, तो मुलगा आणि माझी मुलगी, तिघं भिंतीला टेकून उभे. आमच्या तिघांत मिळून पाच भाषा होत्या आणि एकही कामाची नव्हती. मला दुसरं काही सुचेना म्हणून मी फोनवर आवाज रेकॉर्ड करायला घेतला.

एक वाक्य त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. प्रश्नच होता तो, डोळ्यांवरून कळत होतं. बाबांना जरा कमी ऐकू येतं. ते एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, मराठी बोलतेय ही! 'केलेस तू' म्हणाली."

"नाही बाबा, ती 'के लेश हू' असं काहीतरी म्हणतेय."

"काय केलं मी, ताई?" बाबांनी विचारलं.

बाईंनी पुन्हा विचारलं. बाबांनी हसून मान डोलावली, आणि चहाबद्दल विचारत असतील असं समजून म्हणाले, "हो हो, झाला चहा, पुरे." बाईंचा चेहरा हळूहळू उतरला. हात सुटला. त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या आणि मग आम्ही निघेपर्यंत बोलल्या नाहीत. बाबांनी शाल त्यांच्या खांद्यावर घातली. ती घसरली, नर्सने सारखी केली.

बाहेर त्या मुलाने बाबांना एक फोटो दिला. दगडी कुंपणावर बसलेला म्हातारा, शेजारी चारेक वर्षांची मुलगी. म्हाताऱ्याच्या डोक्यावर टोपी, आणि टोपीच्या सावलीत सगळा चेहरा बुडालेला. मागे साहेबाचं नाव लिहिलं होतं. ते मी इथे लिहीत नाही; त्या घराला न विचारता तो माझा हक्क नव्हे. बाबांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं, उच्चार चुकवत. "मी विचारायला हवं होतं तिला," तो मुलगा म्हणाला. "तिला सांगता येत होतं तेव्हा. मला वाटायचं, वेळ आहे." बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. नात्याने तो त्यांचा भाचा होता.

परतीच्या गाडीत माझी मुलगी एकदम म्हणाली, "आजोबा, पाणी पाहिजे?" मराठीत. उच्चार इतका जर्मन, की बाबांना दुसऱ्यांदा विचारावं लागलं. त्यांनी पाणी घेतलं.

अठरा दिवसांनी व्हिसा संपला आणि बाबा गेले.

ते रेकॉर्डिंग मी आयर्लंडमधल्या तीन-चार ठिकाणी पाठवलं. दीड महिन्याने तिथली भाषा शिकवणाऱ्या एका बाईंनी उत्तर दिलं. आवाज अस्पष्ट आहे, बरंचसं तुटक आहे, असं त्यांनी लिहिलं. गाय आत बांधा म्हणतात. ओले बूट घरात आणू नका म्हणतात. हिंदुस्थानाबद्दल, आजोबांबद्दल काही नाही. आणि तो सारखा विचारलेला प्रश्न आमच्याकडे गावात परक्या पोराला विचारतात तो आहे: तू कुणाचा?

मी बाबांना फोन केला. तो प्रश्न सांगितला.

"मी काय उत्तर दिलं होतं गं?"

"चहा झाला म्हणालात."

"तिने एवढं विचारलं आणि मी चहाचं सांगितलं. तू जा परत. सांग तिला."

त्या शिक्षिकेने मला एक छोटं उत्तर लिहून दिलं आणि स्वतःच्या आवाजात म्हणूनही पाठवलं. 'मी तुझ्या आजोबांच्या घरची.' मी ते बसमध्ये, लॅबमध्ये, भांडी घासताना म्हणत राहिले. नोव्हेंबरात सुट्टी मिळाली तेव्हा गेले.

बाई मधल्या काळात पडल्या होत्या. आता अंथरुणावरच होत्या आणि बोलणं पूर्ण थांबलं होतं. आयरिशही. मी कानाशी वाकून ते वाक्य म्हटलं. मग पुन्हा, सावकाश. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी डोळे न उघडता तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलतील. मागून नर्स म्हणाली, "हो, हो, भूक लागली असेल," आणि तिने सुपाची वाटी माझ्या हातात दिली.

मी भरवलं. अर्ध्या तासात वाटीभर. काही ओघळलं, ते पुसलं. दुसरं काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

रात्री बाबांनी विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

"जेवल्या, बाबा. माझ्या हातून जेवल्या."

"बरं," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, सूप कसलं होतं.