जन्माआधीचा बाप्तिस्मा

डाव्या बाहीच्या ते चार घड्या घालायचे. तीन नाही, पाच नाही, चार. मग दारातच टाचा जुळवून उभे राहत आणि म्हणत, "हजर हाय, बाई."

मी जिल्ह्याच्या रक्तपेढीत टेक्निशियन. दर तीन महिन्यांनी ही हजेरी लागायची. त्यांचं रक्त ओ निगेटिव्ह, म्हणजे आमच्याकडे औषधालाही न सापडणारं. कुरखेड्याकडच्या एका खेड्यातून पहिल्या एसटीने निघून ते माझ्याआधी दाराशी पोचलेले असत. मला उशीर झाला की घड्याळाकडे न बघता विचारत, "तब्येत बरी हाय ना जी?" इतक्या गोडीने लाजवणारा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. मला राग यायचा. पण त्यांच्या हजेरीच्या दिवशी मी वेळेवर जायला लागले, हेही खरं.

आम्ही त्यांना फौजीभाऊ म्हणत असू. वीस वर्षं फौजेत काढून ते धानाच्या शेतीवर परतले होते. बायको अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. तिची आंघोळ, तिची वेणी स्वतः करूनच ते घराबाहेर पडत. "बर्फात बंदूक साफ करनं सोपं हाय बाई, केसाचा गुत्ता काढनं कठीन," असं म्हणायचे.

सुई टोचण्याआधी डोळे मिटायचे. ख्रिस्ती होते आणि प्रार्थना एका ओळीची होती. "प्रभू, ज्याले जाईन त्याले लागू पडू दे." रक्त कोणाला गेलं ते मात्र कधी विचारलं नाही. मी एकदा आपणहून सांगायला गेले, तर हात वर केला. "नोका सांगू. मंग उपकार केल्यावानी वाटते."

फॉर्म भरणं हा एक सोहळाच असायचा. काही औषध घेतलं का, या प्रश्नावर ते परवा चघळलेली खोकल्याची गोळीसुद्धा सांगत. "ती चालते हो," मी वैतागून म्हणायची. "चालते का नाई ते तुमी पाहा. मी सांगतलं."

त्या वर्षी मे महिन्यात वरच्या वॉर्डात सिकलसेलची एक पोरगी होती, नुकतीच तिसरी पास झालेली. हिमोग्लोबिन चारवर उतरलेलं. तिचाही गट ओ निगेटिव्ह आणि आमच्याकडे एकही पिशवी नाही. बाप जिन्यात उकिडवा बसून होता. मी फौजीभाऊंना फोन केला. दुपारच्या आत ते हजर, पण बाही खालीच.

"बाई, एक गोस्ट सांगाची हाय."

त्यांच्या चर्चचं जुनं रजिस्टर वाळवीने खाल्लं होतं. पाळकसाहेब ते नव्याने उतरवून घेत होते, त्यात यांचं नाव निघालं. फौजेतल्या भरतीच्या वेळी शाळेच्या गुरुजींनी जन्मतारीख अंदाजाने लिहून दिली होती. तीच पुढे पेन्शनच्या आणि इतर सगळ्या कागदांवर चढली. त्या हिशेबाने ते चौसष्टचे.

"पन रजिस्टर सांगते, माहा बाप्तिस्मा माह्या जन्माच्या दोन वर्स आधी झाला!"

ते हसले, मीही हसले. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे ते निदान सहासष्टचे, आणि पासष्ट ओलांडलेल्या माणसाचं रक्त घ्यायचं नाही, असा नियम आहे.

"हे तुम्ही मला सांगितलंच नाही," मी म्हटलं. "कागदावर चौसष्ट आहे. चौसष्ट लिहा."

"ते खोटं हाय, हे मले आता मालूम हाय."

"आणि वर पोरगी आहे, हेही मालूम आहे ना?"

माझा आवाज चढला होता. डॉक्टरांना विचारलं नाही, कारण ते नाही म्हणाले असते. तपासण्या सगळ्या केल्या आणि त्यांत नाव ठेवायला जागा नव्हती. फौजीभाऊंनी पेन उचललं. मग त्यांनी चौसष्ट लिहिलं आणि बाहीच्या घड्या घातल्या. डोळे मिटले, पण ओठ हलले नाहीत.

चौथ्या दिवशी पोरगी आपल्या पायांनी जिना उतरून घरी गेली.

रविवारी फौजीभाऊ भर चर्चमध्ये उभे राहिले आणि मंडळीला सांगून टाकलं, "मी खोटं लिवलं." प्रभुभोजनाची भाकर आली तेव्हा त्यांनी घेतली नाही. महिने गेले तरी घेत नव्हते. हे मला ऑगस्टमध्ये त्यांच्या मुलाकडून कळलं. स्वतःऐवजी ते त्याला घेऊन आले होते. धिप्पाड गडी, पण सुई बघूनच पांढराफटक पडला. त्याचा गट तपासला तर ओ निगेटिव्ह! मे महिन्यात हा मला सुचला असता तर! मी कपाळावर हात मारला.

मुलगा पलंगावर होता तेव्हा फौजीभाऊंनी पहिल्यांदाच विचारलं, "बाई, ते पोरगी कशी हाय जी?"

पोरगी जुलैतच गेली होती. ताप चढला, नाला दुथडी वाहत होता, दवाखान्यापर्यंत ती पोचलीच नाही. तिच्या गावच्या आशाताईंनी मला सांगितलं होतं. फौजीभाऊंच्या रक्ताचा त्यात काही दोष नव्हता. पण मला ते पटवून देता आलं नसतं, आणि त्यांना ते पटलंही नसतं.

"बरी आहे," मी म्हटलं. "शाळेत जाते."

त्यांनी खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं. "मंग येत्या रविवारी भाकर घेतो," म्हणाले.

यानंतर ते दर तीन महिन्यांनी कोणाला ना कोणाला घेऊन यायचे. कधी पुतण्या, कधी शेजारी, एकदा तर खुद्द पाळकसाहेब. आणि प्रत्येक वेळी विचारत, "कितवीत गेली?" मी पाचवी म्हटलं, मग सहावी म्हटलं. एकदा अभ्यासाची चौकशी झाली, तर गणित कच्चं आहे असं मी बोलून गेले. "तिले म्हना, पाहाटे उठून पाढे म्हनत जा." सांगते म्हटलं. आज खरं सांगायचं असं ठरवून मी कितीतरी सकाळी घरून निघाले असेन. त्यांना बघितलं की छाती होत नसे. त्यांच्याकडून मी एकदा खोटं लिहवून घेतलं आणि स्वतः चार वर्षं बोलत राहिले. ही लाज मी आजवर कोणाजवळ बोलले नव्हते.

गेल्या दिवाळीनंतर फौजीभाऊ गेले. शेतातून आले, खाटेवर टेकले आणि संपले. मी अंत्यविधीला गेले होते. चर्च लहान, माणसं अंगणभर. पाळकसाहेबांनी फौजीभाऊंच्या पवित्र शास्त्रातून एक घडी घातलेला कागद काढला. "भाऊ रोज सकाळी ज्यांच्यासाठी मागत, ती ही नावं," ते म्हणाले. "आज आपण मागू."

पहिलं नाव बायकोचं. मग मुलगा, सून, नातवंडं, पलटणीतल्या दोन साथीदारांच्या विधवा. शेवटी लिहिलं होतं, रक्तवाली पोरगी, यंदा आठवी.

"प्रभू, त्या लेकराला उदंड आयुष्य दे," पाळकसाहेब म्हणाले.

सगळी मंडळी म्हणाली, "आमेन." फौजीभाऊंचा मुलगा वळून माझ्याकडे बघत होता.

मीही म्हटलं, "आमेन."